निळ्या पिंपातली माती

माझी बायको आमचा गणपती दर वर्षी त्याच मातीचा करायची. विसर्जन झालेली माती पुढच्या श्रावणात पुन्हा भिजवायची, पुन्हा मळायची, पुन्हा पोट, पुन्हा सोंड, आणि शेवटी ते उंदराचं प्रकरण, जे तिला कधीच जमलं नाही. उंदीर दर वर्षी मखराच्या कोपऱ्यात, फुलांच्या आड ठेवला जाई. पाहुण्यांनी विचारलंच तर ती म्हणायची, "लाजतो तो."

ही पद्धत आमच्या घराण्याची नव्हे. आमचे पणजोबा बडोदा संस्थानात कारकून होते आणि त्यानंतर दर पिढीत त्यांना बढती मिळत आली आहे. वडिलांच्या तोंडी ते हिशेबनीस होते, काकांच्या तोंडी नायब सुभे, आणि माझी आत्या आणखी थोडी जगली असती तर त्यांची दिवाणपदावर नेमणूक पक्की होती. अशा घराण्यात गणपती टोप्याबिप्या घालून, टाळ वाजवत, सुरसागर तलावावर नेण्याची रीत होती. आम्हीही ती बरीच वर्षं पाळली.

मग एका वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायको खंडेराव मार्केटला भाजी आणायला गेली आणि येताना तलावाच्या कडेने आली. घरात शिरली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "आपला हात दिसला."

"कुणाचा हात?"

"गणपतीचा. आपल्या. मोदकासकट. कडेला ढीग केलाय, फावड्याने ट्रकमध्ये भरतायत."

"हजारो गणपती असतात तिथे. आपलाच कशावरून?"

"मूर्तीवाल्याचा मोदक बारका होता म्हणून मी वरून मेणाचा मोठा लावला होता. तोच होता."

मूर्ती शाडूची म्हणून घेतली होती, ती प्लास्टरची निघाली होती. म्हणून तर हात विरघळला नव्हता. त्या दिवशी तिने भाजी चिरली नाही. मी वरणभात केला आणि आम्ही तिघं, म्हणजे ती, मी आणि आमची मुलगी, तेवढंच जेवलो.

पुढच्या वर्षी तिने शाडू आणला, पादऱ्याहून माहेरच्या शेतातली मूठभर काळी माती आणली आणि स्वतः बसली. तिच्या माहेरचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. त्यांना जमीन मिळाली, तुमच्या पणजोबांना फक्त आठवणी मिळाल्या, असं ती म्हणायची. पहिला गणपती माझ्या मामेसासऱ्यांसारखा दिसत होता. अगदी तस्सा, गालांसकट. मामेसासरे स्वतः दर्शनाला आले, बराच वेळ हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "प्रसन्न मुद्रा आहे हो!" मुलगी हसू आवरेना म्हणून आत पळाली. त्यानंतर दर वर्षी गणपती कोणासारखा होणार याबद्दल आम्हा बापलेकींत पैजा लागू लागल्या. एकदा तो आमच्या फॅमिली डॉक्टरांसारखा झाला, एकदा शेजारच्या गुजराती आजींसारखा, ज्यांना सगळे बा म्हणत. बांना आम्ही ते कधी सांगितलं नाही.

विसर्जन घरीच, मागच्या अंगणात, अर्ध्यातून कापलेल्या निळ्या पिंपात. हे पिंप माझ्या नोकरीची एकमेव स्थावर मिळकत. मी शहराबाहेरच्या एका रासायनिक कारखान्याच्या कचेरीत होतो. देशात खुलं धोरण आलं, कारखान्याला परदेशी भागीदार आला आणि आम्हा जुन्या लोकांसाठी स्वेच्छानिवृत्ती आली, ज्यात स्वेच्छा कंपनीची होती आणि निवृत्ती आमची. निरोपाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ लवकरच थांबलं. गोदामवाल्याने प्रेमाने दिलेलं ग्लिसरीनचं रिकामं पिंप मात्र टिकलं. बायकोने ते सोड्याने, चिंचेने आणि शेवटी हट्टाने घासलं. तेव्हा आमच्या सोसायटीत घरोघरी असली निळी पिंपं होती. पाणी ठराविक वेळीच यायचं. नवे टीव्ही आले होते, फोन आले होते, बाटलीतलं पाणी विकत मिळू लागलं होतं. नळाला मात्र खुल्या धोरणाची बातमी पोचली नव्हती.

गणपती पिंपात ठेवला की एका दिवसात विरघळायचा. माती तळाशी बसायची आणि वर पाणी राहायचं, नितळ, अगदी तळ दिसेल असं. ते पाणी फेकायचं नाही, असा तिचा नियम होता. गटारात तर नाहीच, पण झाडांनाही नाही, कारण पाणी ओतताना माती जाते, आणि माती गेली की पुढच्या वर्षीचा गणपती तेवढा कमी होतो. पिंप उघडं ठेवायचं, उन्हाने पाणी आटेल, माती सुकेल, मग ती फोडून डब्यात भरायची. भाद्रपद-आश्विनातलं ऊन भरवशाचं नसतं. अर्धं पाणी आटावं आणि एका सरीने पुन्हा भरावं, असं दिवाळीपर्यंत चालायचं.

"फडक्यातून गाळून घे की," मी एकदा सुचवलं होतं.

"देवाला गाळू? चहा आहे का तो?"

मी नास्तिक नाही, पण देवाच्या बाबतीत मी पाहुण्यासारखा वागतो. यजमानीण सांगेल तिथे बसतो.

नवं शतक लागून थोडी वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. गणपती होऊन गेले होते. त्या वर्षीचा गणपती तिला स्वतःलाच आवडला होता. कुणासारखा दिसत नाही, म्हणजे बहुतेक देवासारखा दिसतो, असं ती म्हणाली होती. सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा सुरतेहून ताप घेऊन आला. मग त्याच्या शेजारच्या घरात ताप आला, मग समोरच्या. डेंग्यू हा शब्द आम्ही तोपर्यंत दिल्लीच्या बातम्यांत वाचला होता. आता तो आमच्या गल्लीत राहायला आला आणि भाजीवालीसुद्धा तो शब्द सफाईने उच्चारू लागली.

आमच्या सोसायटीने लगेच आरोग्य समिती नेमली. आमच्याकडे कुठलंही संकट आलं की आधी समिती येते आणि समितीच्या आधी बिल्ले येतात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, दोन चिटणीस. धूर सोडायचं यंत्र भाड्याने आणलं गेलं आणि त्याचं उद्घाटन करायला एक पुढारी आले. त्या यंत्राला हार घातला होता, नारळ फोडला होता, आणि एका चिटणिसाने त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. पुढारी आले तेव्हा ऊन कलत होतं. त्यांनी भाषणात स्वच्छतेचं महत्त्व सांगितलं आणि पानाची पिंक टाकायला भिंतीपाशी गेले. मग यंत्राने एक ढेकर दिली आणि पांढरा धूर गल्लीत पसरला. सगळे हात जोडून उभे राहिले, जणू आरती चालू आहे. मुलं धुरात धावली.

हा डास धुराला फारशी भीक घालत नाही, हे मी नंतर वाचलं. धूर उडत्या डासाला लागतो. पाण्यात वाढणाऱ्या पोरांना त्याचा पत्ताही नसतो, ती यथावकाश मोठी होतात आणि उडतात. शिवाय हा डास घराच्या आत, पडद्यामागे, टेबलाखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात बसतो. पायांवर पांढरे पट्टे असतात. तो रात्री गुणगुणत येणारा नव्हे. सकाळी आणि दुपार कलल्यावर, आपण जागे असताना, न बोलता चावतो. गटाराची घाण त्याला आवडत नाही. त्याला स्वच्छ, साठलेलं, निवांत पाणी लागतं: कुलरमधलं, कुंडीखालच्या बशीतलं, झाकण नसलेल्या टाकीतलं. मादी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या जरा वर, अंडी चिकटवते. भांडं नुसतं ओतलं तर अंडी कडेलाच राहतात, सुकी, महिनोन्‌महिने, पुन्हा पाणी येईपर्यंत. म्हणून आठवड्यातून एकदा ओतायचं, घासायचं, सुकवायचं. आजार तो उपजत घेऊन फिरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आजारी माणसाला चावला की घेतो, आठवडाभर तो त्याच्या अंगात मुरतो, आणि मग ज्याला ज्याला चावेल त्याला देतो. फार लांब जात नाही. या घरातून त्या घरात. आपण समाचाराला जातो तसा.

धूर येणार म्हणून त्या संध्याकाळी बायकोने आपली एक जुनी सुती साडी काढली, बारीक निळ्या ठिपक्यांची, पायपुसणं व्हायच्या वाटेवर असलेली. ती तिने मधोमध फाडली आणि अर्धी पिंपाच्या तोंडावर ताणून सुतळीने बांधली.

"हे काय?" मी विचारलं.

"त्या रॉकेलच्या धुरात देव बुडवू का?"

धूर विरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सुतळी सोडली, साडीची घडी केली आणि कपाटात ठेवली. ऊन लागायला हवं होतं. पाणी आटायला हवं होतं.

त्याच आठवड्यात समिती तपासणीला आली. बिल्ले, बॅटरी, खडू. टाकीवर चढून झाकण पाहिलं, कुलर उपडा करवला, मनीप्लँटची बाटली ओतायला लावली. उपाध्यक्ष वयाने लहान होते, पण आवाज अध्यक्षांचा होता. "बेन, पाणी जमा राखवानुं ज नहीं," पाणी साठवायचंच नाही, असं ते दर भांड्यापाशी सांगत. बायको मान हलवत होती. मग सगळे मागच्या अंगणात आले. पिंप पाहून उपाध्यक्षांनी बॅटरी काढली.

"आ शुं छे?"

"गणपतीचं पाणी आहे," बायको मराठीत म्हणाली. मग त्यांच्यासाठी पुन्हा, "बाप्पानुं पाणी छे. विसर्जन घरे ज करीए छीए."

उपाध्यक्षांनी बॅटरी खिशात टाकली. चपला काढल्या. हात जोडले. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या दोघांनीही चपला काढल्या. एकाने पिंपातल्या पाण्याला बोट लावून डोळ्यांना लावलं. मी दारात उभा होतो आणि मला गंमत वाटत होती, कारण त्यांच्यातल्या एकाच्या मोज्याला भोक होतं. आमच्या मनात डास म्हणजे घाण. समितीच्या मनातही तेच. देवाचं पाणी घाण कसं असेल? मग त्यांनी पुढच्या भिंतीवर खडूने बरोबरची खूण केली, चहा घेतला आणि पुढच्या घरी गेले.

ती खूण पावसाने पुसेपर्यंत आमच्या दाराशी होती.

नवरात्र सुरू झालं. सोसायटीच्या चौकात गरबा सुरू झाला आणि तापाचं खापर गरब्यावर फुटलं. गरबा समितीने ते रस्त्यापलीकडच्या नाल्यावर फोडलं. बायको चौकात जाऊन टाळ्या वाजवायची, फेर धरायची नाही. गुडघे कुरकुरतात, म्हणायची. एका दुपारी ती भाकरी भाजता भाजता ओट्याला टेकली. "डोळ्यांच्या मागे कुणीतरी बसलंय," म्हणाली. संध्याकाळपर्यंत अंगात फणफणून ताप होता आणि हाडं मोडून ठेवल्यासारखी दुखत होती.

आमचे डॉक्टर मराठी, कमी बोलणारे, गणपतीसारखे दिसणारे. त्यांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "तोच आहे. औषध असं नाही. तापाला साधी पॅरासिटामॉल, बाकी दुखण्याची कुठलीच गोळी नको, त्याने रक्त पातळ होतं. पाणी, सरबत, नारळपाणी, सतत. आणि दिवसा मच्छरदाणी."

"दिवसा?" बायको म्हणाली.

"दिवसा. डास तुम्हाला चावला की मुलीला देईल."

घरी येताना ती रिक्षात म्हणाली, "भर दिवसा मच्छरदाणीत बसू? लोक येतील समाचाराला, मी काय पिंजऱ्यातून बोलू?" पण मुलीचं नाव निघालं होतं. तिने ते तंतोतंत पाळलं. आमचा पलंग दिवाणखान्यात आणला, त्यावर मच्छरदाणी लावली, आणि ती आत बसून भेटीला येणाऱ्यांशी बोलू लागली. बडोद्याच्या मराठी माणसाला समाचाराला जाण्यापासून कोणी रोखू शकत नाही. मोसंबी, नारळ, पपईच्या पानांचा रस, बकरीचं दूध, सगळं आलं. पादऱ्याहून तिचा भाऊ आला आणि जाळीबाहेर खुर्ची टाकून बसला.

"दरबार भरलाय तुझा," मी म्हणालो.

"मग मुजरा कर की," ती आतून म्हणाली. "तुमचे पणजोबा तर रोज करायचे."

"ते दिवाण होते. त्यांना लोक करायचे."

तिला हसायचं होतं, पण हसलं की डोकं दुखायचं. मुलगी जाळीची कड उचलून सरबताचा पेला आत द्यायची आणि ती लगेच कड गादीखाली खोचायला लावायची. "खोच नीट. खोच म्हणते ना."

मग एका सकाळी ताप उतरला.

मी थर्मामीटर पुन्हा लावला. खरंच उतरला होता. मुलगी नाचली. शेजारच्या बा खिडकीतून ओरडल्या, "केम छे हवे?" मी म्हणालो, उतरला. "ताव उतरी गयो? बस, तो हवे शीरो बनावो!" आणि त्यांनी स्वतःच शिरा करून पाठवला, भरपूर बेदाणे घालून. फोन वाजत राहिला. तिचा भाऊ पादऱ्याला परत गेला. मी जाळी वर गुंडाळली. मच्छरदाणी काढल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली.

ती शिऱ्याचा एक घास खाऊन म्हणाली, "पोटात दुखतंय जरा."

"इतके दिवस काही खाल्लं नाहीस. जड गेलं असेल."

"असेल."

मग उलटी झाली. तीही शिऱ्याच्या नावावर गेली. ती गादीवर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली, उठून बसली, पुन्हा आडवी झाली. मी हात धरला तर तो गार होता. तापाने इतके दिवस भाजलेला हात गार लागला याचं मला बरं वाटलं. मुलगी म्हणाली, "बाबा, आईचे पाय पण गार आहेत." ती आवाजात काहीतरी वेगळं घेऊन म्हणाली, आणि मग मी डॉक्टरांना फोन केला.

या आजारात धोका असतो तो ताप उतरताना. ताप असताना नाही. ताप जातो आणि रक्तवाहिन्यांमधलं पाणी बाहेर झिरपायला लागतं; माणूस आतल्या आत कोरडा पडतो. पोटात दुखणं, उलट्या, गार हातपाय, अस्वस्थपणा, या त्याच्या खुणा. ज्या घटकेला घरात शिरा होतो, त्याच घटकेला दवाखान्यात असायला हवं. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं असेलही. आम्हाला ताप उतरलाय एवढंच ऐकू येत होतं. फोनवर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "लघवी झाली का सकाळपासून?" आणि मग म्हणाले, "मी गाडी घेऊन येतो. थांबू नका, दारात आणा."

दवाखान्यात तिला सलाइन लावलं. एक लावलं, दुसरं लावलं. नाडी सापडत नव्हती, मग सापडली, मग पुन्हा नाही. ती शुद्धीवर होती. मुलगी बाहेर रक्तासाठी फोन करत होती. बायकोने मला जवळ बोलावलं. मला वाटलं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "तिला फुल बाह्यांचं काही घालायला सांग. दवाखान्यात डास असतात."

ते तिचं शेवटचं पूर्ण वाक्य. संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.

सोसायटीने त्या दिवशी गरबा बंद ठेवला. अध्यक्ष बिल्ला काढून आले. शेजारच्या सोसायटीचा गरबा मात्र ऐकू येत होता. तो ढोल आमच्या भिंतीतून आत यायचा आणि कुणाला काही बोलता यायचं नाही, ही एक सोयच झाली. बा आमच्या दारात जमिनीवर बसल्या. "में शीरो मोकल्यो," एवढंच म्हणत राहिल्या, मी शिरा पाठवला, मी शिरा पाठवला. मी त्यांना म्हणालो, बा, शिऱ्याने काही होत नाही. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं नाही. त्यांनी त्यानंतर शिरा केलेला मला आठवत नाही.

सुतकाच्या दिवसांत एका सकाळी मुलगी मागे कपडे वाळत घालायला गेली. ती कॉलेजात विज्ञानाला होती. कपडे बादलीतच राहिले. मग, "बाबा, इकडे या."

ती पिंपापाशी उभी होती. मी वाकून पाहिलं. पाणी नितळ होतं. तळाशी माती, मधोमध पोटाचा एक उंचवटा अजून शिल्लक. आणि पाण्यात स्वल्पविरामांसारखं काहीतरी, खूप, वरच्या पृष्ठभागाला शेपट्या टेकवून लटकलेलं. आमची सावली पडल्याबरोबर ते सगळे वळवळत खाली, मातीकडे गेले. आम्ही हललो नाही, तेव्हा ते हळूहळू पुन्हा वर आले.

बायकोला चावलेला डास इथलाच होता की कोपऱ्यावरच्या घरातला, हे कोणालाच सांगता येणार नाही. मी तसं मुलीला म्हणालोही. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने तांब्या आणला आणि पाणी काढून अंगणातल्या तापलेल्या सिमेंटवर फेकायला सुरुवात केली. एक तांब्या, मग आणखी एक, जोरात, जणू कुणाच्या अंगावर. सिमेंटवर ते वळवळले आणि सुकले. "पुढच्या घरात झाकण, मागच्या घरात झाकण, कुलर उपडा," ती बोलत होती, "आणि इथे चपला काढल्या. चपला काढल्या, बाबा!"

"तुझ्या आईने..."

"आईचं नाव घेऊ नका आत्ता."

पाणी संपलं आणि माती आली. तिने हात घालून मूठभर काढली, फेकायला हात मागे नेला, आणि तो तसाच राहिला. माती काळसर होती, पादऱ्याची. मग तिने ती मूठ पिंपात परत सोडली.

"सुकू दे," म्हणाली. आणि आत गेली.

माती सुकली, तिला भेगा पडल्या. मी ती फोडून बायकोच्याच डब्यात भरली आणि घट्ट झाकण लावलं. पिंप आतून काथ्याने घासलं, कडांना जास्त, आणि उपडं घातलं. वर्षभर आम्ही दोघं पिंपाबद्दल बोललो नाही. नातेवाइकांनी सांगितलं, वर्षाच्या आत सण करू नये, आणि मला ते सोयीचं वाटलं. पण वर्षश्राद्ध झालं, त्याच्या पुढचा श्रावण आला, आणि एका दुपारी मुलीने डबा काढला. मला काही विचारलं नाही. बत्त्याने ढेकळं फोडली, भिजवली. भिजवलेल्या मातीच्या पातेल्यावर तिने ताट ठेवलं आणि ताटावर बत्ता.

तिला मूर्ती येत नव्हती. आईने तिला कधी हात लावू दिला नव्हता. तू नाक बिघडवशील, म्हणायची. सोंड दोनदा पडली. उंदीर बरा झाला, आईच्या उंदरापेक्षा खूपच बरा, तो पहिल्यांदाच पुढे ठेवला. गणपती पूर्ण झाला तेव्हा आम्ही दोघं समोर उभे राहिलो. दर वर्षी या क्षणाला आमची पैज असायची, कोणासारखा दिसतो. कपाळ जरा रुंद होतं. हनुवटी, म्हणजे सोंडेच्या मुळाशी जे काही असतं ते, जरा पुढे. मी मुलीकडे पाहिलं नाही, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "रंग कोणता द्यायचा?"

मामेसासरे दर्शनाला आले. आता ते बरेच वाकले आहेत. ते मूर्तीपुढे उभे राहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. प्रसन्न मुद्रा आहे, असं या वेळी म्हणाले नाहीत. प्रसादाची वाटी हातात घेऊन तसेच बसून राहिले.

अनंत चतुर्दशीला आम्ही पिंप सुलटं केलं, पाणी भरलं आणि तिला, म्हणजे त्याला, आत ठेवलं. मुलगी आरती म्हणताना मधेच थांबली. मी पुढे म्हटली. मग मी कपाटातून अर्धी साडी आणली. इतके दिवस ती तशीच घडी करून पडली होती, धुराचा किंचित वास अजून होता. ती पिंपाच्या तोंडावर ताणली आणि सुतळीने बांधली, दोन्ही बाजूंनी ओढून, कुठे फट राहू नये अशी.

मुलीचं पुढे जवळच्या सावली गावातल्या एका तरुणाशी लग्न झालं. गणपतीला ती येते, मूर्ती करते आणि परत जाते. त्यानंतर आठवड्यातून एकदा मी सुतळी सोडतो, वरचं पाणी फडक्यातून गाळून तापलेल्या सिमेंटवर ओततो, कडा घासतो आणि पुन्हा बांधतो. माती फडक्यात राहते, ती परत टाकतो. देवाला गाळतो. चहा नाही, तरी गाळतो.

साडी आता जिथे मधोमध घडी होती तिथे विरली आहे. एका जागी उजेड सरळ आत जातो. म्हणून मी ती हल्ली दुहेरी करून बांधतो.